वळकटी ते बर्थ : जहाजावरील गादीचा इतिहास

प्रस्तावना

मालवाहू जहाजावरील बर्थची गादी जुनी झाली, तर आज ती बदलून देणे हे जहाजमालकाचे काम समजले जाते. नवी गादी बर्थच्या आतल्या मापात बसली पाहिजे, तिच्यात किडीला थारा देणारा भराव नसावा, आणि जहाज प्रवासी असेल तर ती आगीच्या चाचणीत उतरलेली असावी, अशा अपेक्षा आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेल्या आढळतात. शंभर वर्षांपूर्वी परिस्थिती फार वेगळी होती. व्यापारी जहाजावरचा साधा खलाशी आपली गादी स्वतःच्या पैशाने विकत घेई, ती खांद्यावर टाकून जहाजावर चढे आणि सफर संपली की बहुधा टाकून देई.

प्रस्तुत टिपणात आपण या बदलाचा मागोवा घेणार आहोत. त्यासाठी दोन प्रश्न समोर ठेवू. पहिला, गादीचा भराव वेळोवेळी का बदलला? दुसरा, गादी कोणाची मानली जात होती, खलाशाची की जहाजाची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ओल, कीड आणि आग या तीन शब्दांत सापडते. परंतु चांगला भराव उपलब्ध असूनही तो सामान्य खलाशाच्या पाठीखाली यायला इतका उशीर का झाला, हे दुसऱ्या प्रश्नाशिवाय समजत नाही.

१. झोळी : चौदा इंचांची जागा

युरोपीय जहाजांवर पंधराव्या शतकापर्यंत कप्तान व काही अधिकारी सोडले तर इतरांना झोपण्यासाठी ठराविक जागा नसे. मिळेल त्या कोपऱ्यात, डेकच्या फळ्यांवर माणसे आडवी होत. १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील ताइनो लोक सुताच्या जाळीदार झोळ्यांत झोपत असल्याचे त्याच्या लोकांनी पाहिले. ताइनो भाषेतील ‘हमाका’ हा शब्द स्पॅनिशमध्ये आला आणि त्यातूनच इंग्रजीतील ‘हॅमॉक’ शब्द रूढ झाला. ब्रिटिश नौदलाने १५९७ मध्ये अशा टांगत्या बिछान्यांचा अधिकृत स्वीकार केला.

झोळीचे फायदे उघड होते. जहाज डोलले तरी झोळी गुरुत्वाच्या दिशेने लोंबत राहते, त्यामुळे झोपलेला माणूस खाली पडत नाही. सकाळी ती गुंडाळून ठेवली की तोफा चालवायला डेक मोकळा होतो. ब्रिटिश नौदलात झोळी दोरीचे सात वेढे देऊन घट्ट बांधली जाई आणि जहाजाच्या कठड्यावरील जाळीत रचून ठेवली जाई. युद्धाच्या वेळी बंदुकीच्या गोळ्या आणि उडणाऱ्या लाकडी ढलप्या अडवण्यास हीच रांग उपयोगी पडे.

अठराव्या शतकात प्रत्येक झोळीसाठी १४ इंच, म्हणजे सुमारे ३६ सेंटिमीटर, रुंदीची जागा नेमून दिलेली असे. समुद्रावर निम्मे खलाशी पाळीवर असल्याने शेजारची झोळी रिकामी राहत असे आणि प्रत्यक्षात २८ इंच मिळत. बंदरात मात्र सर्व जण एकाच वेळी झोपत आणि ही सोय संपे.

झोळीचे कापड नौदलाकडून मिळे. तिच्यात अंथरण्याची पातळ गादी, उशी आणि ब्लँकेट हे मात्र जहाजावरील कपड्यांच्या भांडारातून घेण्याची रीत होती आणि त्याची किंमत पगारातून वळती होत असे. म्हणजे शिस्तीसाठी व युद्धासाठी लागणारी वस्तू सरकारची, आणि अंगाला ऊब देणारी वस्तू खलाशाची, अशी ही वाटणी होती. पुढील दीडशे वर्षांत हीच वाटणी वेगवेगळ्या रूपांत आपल्याला पुन्हा भेटेल.

२. ‘गाढवाची न्याहारी’

एकोणिसाव्या शतकात व्यापारी जहाजांवर खलाशांसाठी लाकडी बर्थ सर्रास दिसू लागले. ते बहुधा जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेकडील अंधाऱ्या खोलीत, एकावर एक असे बसवलेले असत. जहाजाचा हा भाग लाटांवर सर्वांत जास्त आदळतो आणि पाणीही तेथेच जास्त झिरपते. मालक पुरवत असे तो फक्त फळ्यांचा सांगाडा. गादी खलाशाने आणायची.

खलाशी बंदरातील दुकानातून जाड्याभरड्या कापडात पेंढा भरलेली गादी विकत घेत. इंग्रज खलाशांनी तिला ‘गाढवाची न्याहारी’ असे नाव दिले होते, कारण आत होता तो गाढवाला घालण्याजोगा पेंढाच. ही गादी स्वस्त व हलकी असे. मात्र काही आठवड्यांतच पेंढ्याचा चुरा होई, गादी बसे आणि फळ्या टोचू लागत. एकदा भिजली की आगबोटीच्या बॉयलरची ऊब मिळाल्याशिवाय ती वाळणे कठीण असे.

आपल्याकडे कापसाची गादी दडपली की पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घेण्याची सोय होती. समुद्रावर अशी सोय नव्हती. शिवाय कापूस हवेतील दमटपणा शोषून घेतो व जड होतो. घोड्याच्या केसांचा भराव या दोन्ही बाबतींत चांगला होता. तो लवचीक असतो, हवा खेळू देतो आणि उसवून, धुऊन पुन्हा भरता येतो. परंतु तो महाग असल्याने अधिकाऱ्यांच्या आणि वरच्या वर्गातील प्रवाशांच्या गाद्यांमध्ये दिसे. यावरून लक्षात येते की टिकाऊ भराव माहीत नव्हता असे नाही. ज्याला तो परवडत होता तो वापरत होता.

३. स्टीअरेजचे प्रवासी

गादी कोणी आणायची हा प्रश्न खलाशांपुरता मर्यादित नव्हता. युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या लाखो स्थलांतरितांनी ‘स्टीअरेज’ या सर्वांत स्वस्त वर्गातून प्रवास केला. अंथरूण आणि ताटवाटी त्यांनी स्वतः न्यायची असे. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८७९ मध्ये ग्लासगोहून न्यूयॉर्कला ‘डेव्होनिया’ या जहाजाने प्रवास केला. त्याने केलेल्या नोंदीनुसार स्टीअरेजचे भाडे ६ गिनी आणि त्यावरील दुसऱ्या वर्गाचे ८ गिनी होते. दुसऱ्या वर्गात अंथरूण आणि भांडी कंपनीकडून मिळत, स्टीअरेजमध्ये ती स्वतः आणावी लागत. भाड्यातील फरकाचा काही भाग अशा रीतीने गादीत व ताटात दडलेला होता.

अमेरिकेचा किनारा जवळ आला की स्टीअरेजमधील पेंढ्याच्या गाद्या समुद्रात फेकून दिल्या जात. आरोग्य तपासणीपूर्वी जागा स्वच्छ करण्याचा हा मार्ग होता. इतिहासाच्या अभ्यासकासाठी याचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. या गाद्यांचे नमुने संग्रहालयात फारसे सापडत नाहीत. त्यांचा इतिहास कायद्यांतून, पगारकपातीच्या नोंदींतून, डॉक्टरांच्या अहवालांतून आणि प्रवासवर्णनांतूनच जुळवावा लागतो.

४. ओल, उवा आणि ढेकूण

अंथरुणाचा आजाराशी संबंध आहे, हे कारण कळण्याच्या खूप आधी लक्षात आले होते. ब्रिटिश नौदलातील डॉक्टर जेम्स लिंड याने १७५७ मध्ये खलाशांच्या आरोग्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जहाजावरील ताप मळके कपडे व अंथरूण यांतून पसरतो, अशी त्याची धारणा होती. जेम्स कुकनेही आपल्या सफरींत झोळ्या व अंथरुणे स्वच्छ आणि कोरडी ठेवण्यावर भर दिला. याविषयी त्याने रॉयल सोसायटीला सादर केलेल्या लेखाला १७७६ चे कॉप्ली पदक मिळाले.

हा ‘जहाजी ताप’ म्हणजे बहुतांशी टायफस होता. तो अंगावरील कपड्यांत राहणाऱ्या उवांमुळे पसरतो, हे चार्ल्स निकोल याने १९०९ मध्ये सिद्ध केले. म्हणजे लिंडचा निष्कर्ष बरोबर होता; कारण समजायला दीडशे वर्षे लागली. याच्या जोडीला ढेकणांचा त्रास होताच. पेंढ्याची गादी आणि लाकडी बर्थच्या फटी ही त्यांची आवडती जागा. नवी गादी आणली तरी फटींत राहिलेले ढेकूण दोन दिवसांत तिच्यात शिरत. त्यामुळे केवळ गादी बदलून भागत नव्हते, बर्थचा सांगाडाही बदलणे आवश्यक होते. आणि सांगाडा बदलणे हे खलाशाच्या हातात नव्हते.

५. भारतीय खलाशी आणि बहात्तर घनफूट

ब्रिटिश जहाजांवर हजारो भारतीय खलाशी काम करत. त्यांना ‘लास्कर’ म्हणत; हा शब्द फारसीतील ‘लश्कर’वरून आला आहे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर डेकवरील कामासाठी रत्नागिरी, कच्छ आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील माणसे, इंजिनखोलीत पंजाब व वायव्य सरहद्दीकडील माणसे, तर स्वयंपाकघर व भोजनगृहात गोव्याची माणसे, अशी साधारण विभागणी होती. कलकत्त्याहून जाणाऱ्या जहाजांवर सिल्हेट, नोआखाली व चितगावच्या खलाशांचा भरणा असे. डेकवरची भरती बहुधा सारंगामार्फत होई. दोन सफरींमधल्या काळात गोव्याचे खलाशी मुंबईत आपापल्या गावांच्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांत राहत.

१८९४ च्या ब्रिटिश मर्चंट शिपिंग कायद्याने प्रत्येक खलाशाला किमान ७२ घनफूट व १२ चौरस फूट जागा ठरवून दिली. हे आकडे डोळ्यांसमोर आणून पाहावेत. १२ चौरस फूट म्हणजे ६ फूट लांब व २ फूट रुंद तुकडा, जेमतेम एका गादीएवढा. ७२ घनफूट म्हणजे ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ४ फूट उंच पेटी. १९०६ च्या कायद्याने ही मर्यादा १२० घनफूट व १५ चौरस फूट अशी वाढवली, परंतु लास्करांना या वाढीतून वगळण्यात आले. एकाच कंपनीच्या, एकाच समुद्रावरील जहाजांत भारतीय खलाशाला मिळणारी कायदेशीर हवा इतरांच्या तीनपंचमांश राहिली. भारतीय खलाशांची संख्या जास्त असते आणि त्यांच्या सवयी वेगळ्या असतात, अशी कारणे जहाजमालकांकडून पुढे केली जात.

वळकटी बांधून प्रवासाला निघण्याची पद्धत मराठी समाजाला परिचित आहे. त्यामुळे खलाशाने स्वतःचे अंथरूण नेणे ही आपल्याकडे जुनी चाल वाटू शकते. परंतु घरची वळकटी ही प्रवाशाची सोय होती. जहाजावर महिनोन्‌महिने राहून काम करणाऱ्याच्या बाबतीत तीच गोष्ट मालकाचा वाचलेला खर्च ठरत होती.

६. सिअ‍ॅटल १९४६ आणि जिनिव्हा १९४९

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची सागरी परिषद अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे भरली. तेथे स्वीकारलेल्या शिफारस क्रमांक ७८ चा विषयच अंथरूण, जेवणाची भांडी आणि इतर किरकोळ वस्तू असा होता. स्वच्छ अंथरूण जहाजमालकाने पुरवावे, आणि नोकरी संपताना खलाशाने ते परत करावे, असा तिचा आशय होता. ‘परत करावे’ या शब्दांत मोठा बदल सामावलेला आहे. वस्तू परत करायची म्हणजे ती मुळात जहाजाची आहे, हे मान्य झाले.

याच परिषदेत खलाशांच्या निवासाविषयी करार क्रमांक ७५ स्वीकारला गेला. १९४९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती करार क्रमांक ९२ म्हणून आली. तिच्यातील बर्थविषयक तरतुदी वाचताना मागील शतकातील एकेक तक्रार ओळखू येते :

- बर्थचे आतील माप किमान ६ फूट ३ इंच लांब व २ फूट ३ इंच रुंद (१९० × ६८ सेंमी) असावे.
- एकावर एक दोनपेक्षा जास्त बर्थ नसावेत.
- सांगाडा कठीण, गुळगुळीत, न गंजणारा व किडीला थारा न देणारा असावा. नळ्यांचा सांगाडा असल्यास नळ्या पूर्ण बंद असाव्यात.
- वरच्या बर्थखाली धूळ न झिरपणारा तळ बसवावा.
- पेंढा किंवा कीड होण्याजोगा अन्य भराव वापरू नये.

‘गाढवाची न्याहारी’ अशा रीतीने आंतरराष्ट्रीय करारातून नाव घेऊन हद्दपार झाली. मात्र जुनी विषमता पूर्णपणे गेली नाही. या करारानुसार ३००० टन व त्याहून मोठ्या जहाजावर झोपण्याच्या खोलीत दरडोई ३० चौरस फूट जागा अपेक्षित होती. पण ज्या जहाजांवर नेहमीपेक्षा बरीच जास्त माणसे लागणारे खलाशी-गट असतील, तेथे ती २० चौरस फुटांपर्यंत कमी करण्यास मुभा होती. कोणत्याही देशाचे नाव न घेता लिहिलेली ही सवलत आशियाई खलाशांनाच लागू पडणारी होती. तरीही ती खोलीच्या क्षेत्रफळाच्या तरतुदीला जोडलेली होती, बर्थचे माप सांगणाऱ्या तरतुदीला नव्हती. जमीन कमी मिळाली तरी गादी तेवढीच मिळायची, एवढी समता १९४९ मध्ये कागदावर आली.

७. काथ्या, रबर, फोम आणि आग

पेंढ्याच्या जागी काय भरायचे, हा प्रश्न विसाव्या शतकात उद्योगांनी सोडवला. नारळाचा काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. त्याचे दोर जहाजांवर फार पूर्वीपासून वापरात होते. काथ्याला रबराच्या चिकाचा लेप देऊन बनवलेली गादी भारतात घरोघरी परिचित आहे. सावरीच्या जातीतील कपोक वृक्षाचा कापूस आतून पोकळ आणि मेणचट असल्याने पाणी शोषत नाही. म्हणून गाद्यांबरोबरच जीवरक्षक जाकिटांतही तो भरला जाई.

१९२९ मध्ये डनलॉप कंपनीच्या संशोधकांनी रबराचा चीक फेसाळून त्यापासून स्पंजासारखी गादी तयार करण्याची पद्धत शोधली. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन विकसित केले आणि १९५० च्या दशकात त्याचा लवचीक फोम बाजारात आला. तो हलका, स्वस्त, हव्या त्या आकारात कापता येणारा आणि किडीला खाद्य न पुरवणारा होता. जहाजावरील गादीसाठी यापेक्षा सोयीचा पदार्थ नाही, असे वाटण्याजोगी स्थिती होती.

पण या भरावाने दुसरा धोका आणला. साधा पॉलियुरेथेन फोम वेगाने पेटतो आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. जहाजाच्या बंदिस्त मार्गिकांत धूर हा ज्वाळेपेक्षा घातक ठरतो. एप्रिल १९९० मध्ये ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला लागलेल्या आगीत दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी बहुतेकांचा बळी विषारी धुराने घेतला. तेथे धुराचा मोठा वाटा भिंतींवरील आवरणाचा होता, पण आतील सजावटीचे साहित्य किती धोकादायक असू शकते हे या घटनेने दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९१ च्या एका ठरावाद्वारे अंथरुणाच्या घटकांसाठी चाचणी ठरवली. तिच्यात गादीवर धुमसती सिगारेट आणि लहान ज्योत ठेवून ती पेट घेते का, हे पाहिले जाते. जुलै १९९८ पासून अशा चाचण्यांची संहिता बंधनकारक झाली.

८. आज गादी बदलताना

२००६ च्या सागरी कामगार कराराने आधीचे अनेक करार एकत्र केले. तो २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला आणि भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार प्रत्येक खलाशाला स्वतंत्र बर्थ मिळाला पाहिजे आणि त्याचे आतील माप किमान १९८ × ८० सेंमी असले पाहिजे. कीड होण्याजोगा भराव नको आणि अंथरूण मालकाने पुरवावे, या गोष्टी त्याच्या मार्गदर्शक भागात आहेत. मात्र बांधणीविषयीचे नियम करार लागू झाल्यानंतर बांधलेल्या जहाजांसाठी आहेत. जुन्या जहाजांवर जुन्या मापाचे बर्थ शिल्लक असतात. म्हणून बदली गादी मागवताना नियमातील आकडा न लिहिता बर्थ प्रत्यक्ष मोजावा लागतो.

लहान होड्यांवर हे काम अधिक नाजूक असते. पुढच्या टोकाकडील बर्थ पायथ्याशी निमुळता होत जातो. शिवाय होडीची बाजू खालून वर बाहेर झुकलेली असल्याने गादीचा तळ अरुंद आणि वरचा पृष्ठभाग रुंद लागतो. कारागीर जाड कागदाचे दोन साचे, एक तळाचा व एक वरचा, कापून घेतो आणि त्यानुसार फोमची कड तिरपी कापतो. सरळ कडेची गादी घातली तर तिची बाजू वर उचलली जाते आणि मध्ये खड्डा पडतो.

ओलीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे पाणी सुटते, तसेच झोपलेल्या माणसाच्या अंगाची वाफ गादीतून खाली उतरून थंड फळीवर साचते आणि गादीला खालून बुरशी येते. म्हणून गादीखाली सलग फळीऐवजी पट्ट्या, भोकांचा तक्ता किंवा हवा खेळवणारी जाळी घालतात आणि खोळ काढून धुता येईल अशी शिवतात. कुकच्या काळी अंथरूण डेकवर उन्हात घालत, त्याच उद्देशाचा हा आधुनिक उपाय आहे.

समारोप

१४ इंचांची झोळी, २७ इंचांचा बर्थ आणि ८० सेंटिमीटरचा बर्थ हे तीन टप्पे पाहिले की प्रगती आपोआप झाली असे वाटू शकते. पुरावा तसे सांगत नाही. घोड्याच्या केसांची चांगली गादी उपलब्ध असताना खलाशी पेंढ्यावर झोपत होता. अंथरुणातून आजार पसरतो हे १७५७ मध्ये लिहिले गेले, पण पेंढ्यावर आंतरराष्ट्रीय बंदी यायला जवळपास दोन शतके गेली. मधला काळ ज्ञानाच्या अभावापेक्षा खर्च कोणी करायचा या वादात गेला. गादी खलाशाच्या वळकटीत होती तोपर्यंत ती त्याच्या ऐपतीची राहिली. ती जहाजाचा भाग ठरली तेव्हा तिचे माप, भराव आणि बदलण्याची वेळ यांवर नियम करता आले. एखाद्या सामान्य वस्तूचा इतिहास लिहिताना ती कशाची बनली आहे याच्या जोडीला तिचे पैसे कोणी दिले हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

स्वाध्याय

१. ब्रिटिश नौदलातील झोळी आणि व्यापारी जहाजावरील पेंढ्याची गादी यांच्या मालकीतील फरक स्पष्ट करा.

२. १९०६ चा ब्रिटिश कायदा आणि १९४९ चा करार क्रमांक ९२ यांत आशियाई खलाशांना मिळालेल्या वागणुकीची तुलना करा.

३. रेल्वे, वसतिगृह किंवा रुग्णालय यांपैकी एका ठिकाणी अंथरूण पुरवण्याची जबाबदारी कोणाकडे होती आणि ती कशी बदलली, याचा शोध घेऊन टिपण लिहा.